डबे रिकामे येत नाहीत

आमच्या कोपऱ्यावरच्या खानावळीबाहेर बिझनेस मॅनेजमेंट शिकणारी तीन मुलं तोंड पाडून बसली होती. प्लॅस्टिक बंद व्हावं म्हणून त्यांनी पार्सलसाठी स्टीलचे डबे सुरू केले होते. न्यायचे आणि परत आणून द्यायचे. पण डबे परत येईनात, आणि शनिवारी त्यांचे सर बघायला येणार होते.

"आजी, ढापले हो लोकांनी आमचे डबे!" त्यांच्यातली ऋचा मला म्हणाली.

मी म्हटलं, "अगं वेडाबाई, दुसऱ्याचा डबा रिकामा कसा परत करतील? काहीतरी करून घालायचं म्हणून थांबल्या असतील बायका. रिकामाच द्या म्हणावं."

तिने घरोघरी जाऊन सांगितलं, पण ऐकतंय कोण! संध्याकाळी डबे आले ते वड्या, लाडू, चिवडा घेऊनच. मला बाई हसूच आलं. आपल्याकडे वस्तू परत जाताना एकटी जात नाही, त्या घरातलं थोडंसं काही तिच्यासोबत जातंच.

शेवटच्या डब्यात नुसती चमचाभर साखर होती. ऋचा त्या साखरेकडे बघत राहिली. मग तिने ती आम्हा सगळ्यांच्या तळहातावर थोडी थोडी ठेवली.