साडूभाऊंचे बोळे

साडू हे नातं जळण्यासाठीच काढलेलं असावं. सख्खा भाऊ असला तर भांडून मोकळं होता येतं, मित्र असला तर तोंड फिरवता येतं. पण दोन बहिणी दोघांच्या घरात आल्या की एकाच सासऱ्याच्या पंगतीला शेजारी शेजारी बसावं लागतं आणि कुणाच्या पोळीवर तूप जास्त पडलं, हे तिरक्या डोळ्यानं बघत जेवावं लागतं. माझ्या साडूच्या पोळीवर नेहमी जास्त पडायचं. तो थोरल्या बहिणीचा नवरा, दिसायला उजवा, आणि वर वसमतच्या ज्या बँड पार्टीत मी क्लारनेट वाजवायचो तिचा मास्तर. मास्तर म्हणजे सगळ्यांच्या पुढं चालणारा. त्यानं ट्रम्पेट वर उचलला की आम्ही सुरू करायचं, खाली घेतला की थांबायचं. त्याच्या लाल कोटाच्या खांद्यावर सोनेरी झालर होती. आमचे कोट नुसतेच लाल होते.

हे नव्वदच्या दशकातलं. लग्नसराईत आमचा मुक्काम कधी या गावात, कधी त्या गावात. दुपारी नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, वाजत गाजत मारुतीच्या देवळाकडं न्यायचा, लग्न लागलं की वरात. मधे आम्ही फुंकणारे, मागं ढोल, साइड ड्रम आणि झांज. झांज बरोबर माझ्या डाव्या कानामागं असायची. परतीच्या एसटीत आमची सगळी पार्टी ओरडून बोलायची, कारण कुणालाच कुणाचं नीट ऐकू यायचं नाही. दुसऱ्या दिवशी कानातली शिट्टी उतरायची, म्हणून ती कुणी मनावर घेत नसे.

तरी कानाला जपायची ज्याची त्याची तऱ्हा होती. आमच्या भागात कापसाला तोटा नाही, त्यामुळं बहुतेकांच्या कानात कापसाचा बोळा. ढोलवाला त्याला खोबरेल चोळायचा. मी स्वतःला जरा शौकीन समजायचो. मांडवात पाहुण्यांच्या कानात अत्तराचा फाया ठेवायची रीत आहे. मी दोन फाये मागून घ्यायचो आणि दोन्ही कानांत दाबून बसवायचो. वासही आला आणि कानही झाकला, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात झांजेची धार तेवढी जरा बोथट व्हायची, बाकी सगळं जसंच्या तसं आत यायचं.

साडूचा धाकटा भाऊ साखर कारखान्यात टर्बाइनपाशी कामाला होता. तिथं कामगारांना स्पंजाचे पिवळे बोळे मिळत. त्यानं ते मूठभर आणून दिले. बोटांत दाबून बारीक करायचे, कान वर ओढून आत सारायचे, मग ते फुगून घट्ट बसतात. मीही घालून बघितले. क्लारनेट तोंडात धरलं, वरचे दात टेकवले, फुंकलं आणि माझंच वाद्य माझ्या कवटीत घुमायला लागलं. बाहेरचं काही कळेना. मी बोळे काढून खिशात टाकले आणि पुन्हा फायावर आलो. साडूलाही ते पटले नव्हते. सगळं घोंगडीखालून ऐकल्यासारखं वाटतं, म्हणाला, मागचे कुठं आहेत तेच कळत नाही आणि माणूस उगीच जास्त जोरात फुंकत बसतो. फरक एवढाच की मी तिथंच थांबलो आणि तो नांदेडला कानाच्या डॉक्टरकडं गेला.

तिथून त्यानं जे आणलं ते बघून माझ्या पोटात दुखायला लागलं. पांढऱ्या रबराचे बोळे, आत मधोमध बारीकसं भोक. आवाज त्यातून येतो, पण छोटा होऊन येतो, आणि सगळाच सारखा छोटा होतो. ढोल ढोलाच्या जागी, झांज झांजेच्या जागी. त्यानं मला घालून बघायला दिले. कधी नाही ते आमचं गाणं मला गाण्यासारखं ऐकू आलं. मी ते काढून त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणालो, ठीक हायेत.

डॉक्टरनं त्याला क्लारनेटवाल्यांचंही सांगितलं होतं. दात टेकवून वाजवणाऱ्याच्या डोक्यात आवाज घुमतो, त्याला कानाचं माप घेऊन खोलवर बसणारे बोळे करावे लागतात. तुमच्या साडूला घेऊन या, असं डॉक्टर त्याला म्हणाले होते. साडू म्हणाला, सोमवारी जाऊन येऊ. मला ते बोळे इतके हवे होते की बोलताना माझी नजर त्याच्या कानांवरून हटत नव्हती. पण त्याच्या ओळखीनं, त्याच्या मागं मागं जायचं, आणि मग जन्मभर सासरवाडीत ऐकायचं की थोरल्या जावयानं धाकट्याचे कान वाचवले! मी म्हणालो, मला कानाची काही तकलीफ न्हाई.

घरी बायको चिडली. "भाऊजी एवढं भल्याचं सांगून राहिले, तर ऐकायला काय होतं? कानात बोळे घातलेत काय तुमी?" बोळे न घालण्यावरूनच हे बोलणं खातो आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि मीही हसलो नाही.

पुढच्याच लग्नात गंमत झाली. औंढ्याची वरात होती. नवरदेवाचा मामा नाचत नाचत साडूच्या जवळ आला, त्याच्या कानाकडं बघून थबकला आणि आमच्या बँडच्या मालकाला जाऊन म्हणाला, "तुमचा मास्तर बहिरा हाय व्हय? कानात मशीन लावून वाजवून राहिला." वरातीत हशा पिकला. आमच्याकडं तोवर कानात रबराचं काही घालणारा माणूस म्हणजे बहिरा, एवढंच लोकांना ठाऊक. ही बातमी आमच्याआधी वसमतला पोचली. बहिऱ्या मास्तरचा बँड, असं बाजारात लोक म्हणू लागले आणि ठरलेली एक सुपारी मोडली. मालकानं साडूला बोलावून सांगितलं की एक तर ते बोळे काढ, नाही तर पुढची जागा सोड.

मला खात्री होती की तो बोळे काढणार. पुढची जागा कोण सोडतो? त्यानं शांतपणे कोट उतरवला, झालरीवर हात फिरवून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "साडूभाऊ, तुमी व्हा म्होरं. मला मागून ऐकू येऊ द्या, तेवढं बास."

कोट मला खांद्यात थोडा सैल होता. तरी त्या हंगामात माझ्याएवढा सुखी माणूस जिल्ह्यात नसेल. सासऱ्यानं पहिल्यांदा माझ्या पोळीवर वाटी उपडी केली. आता बोळ्यांचा तर प्रश्नच नव्हता, आणि फायासुद्धा मी सोडला. मास्तरच्या कानात काही दिसायला नको, हे मालकानं बजावलं होतं. साडू मागच्या रांगेत कानात बोळे घालून मजेत वाजवायचा. मागं कोण बघतं? जागा गेल्याचं जराही दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं, याचा मला राग यायचा. ज्याचं आपल्याकडं आलं त्यानं निदान थोडं तरी झुरावं.

पुढं दोन हजार सालानंतर बँडवाल्यांच्या हातगाड्या निघाल्या. गाडीवर जनरेटर, अँप्लिफायर, समोर भोंगे आणि स्पीकरचे मोठे डबे. मास्तरनं गाडीच्या पुढं माइकपाशी वाजवायचं, म्हणजे भोंगे थेट पाठीवर. माझ्या कानातली शिट्टी आता सकाळी उतरेना. एकदा जेवताना मी बायकोला म्हणालो, काहून हाक मारून राहिलीस? ती म्हणाली, मी कुठं मारली, कान वाजले तुमचे. ती सहज बोलली, पण मी अर्ध्या ताटावरून उठलो.

मग वरचे सूर मला सापडेनासे झाले. मी वाजवायचो आणि मागून साडू ट्रम्पेटवर हळूच तो सूर धरून दाखवायचा, इतरांना कळणार नाही असा. त्यानं चारचौघांत हसायला हवं होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं. नवीन गाणी कॅसेटवरून उतरवायचं काम मालकानं त्यालाच दिलं. झालर माझ्या खांद्यावर आणि बँडचा कान त्याच्यापाशी, असं ते झालं होतं. एक दिवस मालकानं हात पुढं करून कोट परत मागितला. त्याला काही बोलावं लागलं नाही. बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही.

शेवटी मी त्याच नांदेडच्या डॉक्टरकडं गेलो, आणि गेलो तो साडूबरोबरच. डॉक्टरचं बोलणं समजायला कुणीतरी सोबत हवं होतं. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. काचेपलीकडं उभ्या साडूचा चेहरा पडत चाललेला दिसत होता, त्यावरून समजलं की आवाज होऊन गेले. बाहेर आल्यावर डॉक्टरनं त्याचे जुने रबरी बोळे हातात घेऊन बघितले आणि त्याची पाठ थोपटली. मला ऐकू यायचं मशीन लिहून दिलं, ते मी कानात घालू लागलो.

त्यानंतर नरसीला एक लग्न होतं, आमच्याच नात्यातलं. साडू आणि मी मांडवात पाहुणे म्हणून बसलो होतो. आमच्याच पार्टीतला नवा ऑक्टोपॅडवाला माझ्यापाशी आला, माझ्या कानाकडं बोट करून काहीतरी बोलला. मला कळलं नाही. त्यानं जवळ येऊन पुन्हा विचारलं, "काका, हे बोळे कुठून आणले? मालक आमाला घालू देत न्हाई, लोक बहिरा म्हणतेत म्हणून. तुमचे तर मस्त दिसून राहिले."

मी साडूकडं बोट दाखवलं. "बोळे त्यांच्याकडं हायेत," मी म्हणालो. "माझ्याकडं हाय ते बोळे न घातल्यानंतरचं."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो खाली मान घालून साडूपाशी जाऊन बसला. साडूनं खिशातून डबी काढली, बोळे त्याच्या तळहातावर ठेवले आणि दोघं हळू आवाजात बोलू लागले. बाकीच्यांची वाजंत्री सुरू असताना दोन माणसं एकमेकांशी हळू बोलत होती आणि दोघांनाही ऐकू येत होतं. माझ्यापासून ते हातभर अंतरावर होते. मला एक अक्षर कळलं नाही, आणि खरं सांगतो, त्या क्षणी झालरीवर कधी जळलो नव्हतो एवढा मी त्याच्यावर जळलो.