कॉलरवालीचा बंद फोन

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत. तिनं शिवलेली कॉलर कधी वाकडी बसली नाही. स्वभाव मात्र तिरका. थोरल्या बहिणीशी कसल्याशा फुटकळ गोष्टीवरून बिनसलं आणि वर्षभर दोघींचं बोलणं बंद. ताईही नाकावर माशी बसू न देणारी, मग माघार घेणार कोण?

काल दाजींचा फोन आला. ताईच्या हृदयाचं ऑपरेशन आज होतं. "आत नेण्याआधी तिला तुझ्याशी बोलायचंय. फोन जवळ ठेव बाई."

घरची चार्जिंगची केबल म्हणजे नुसता वैताग. मानेशी पिचलेली, दुमडून वर डबा ठेवला तरच चालणारी. रात्री डबा कधीतरी सरकला आणि सकाळी फोन मरायला टेकला.

कारखान्यात धड केबल एकच, इस्त्रीच्या टेबलामागं, सगळ्यांची मिळून. बायकांनी आपसात रीत पाडली होती: आपला नंबर आला की फोन बंद करून लावायचा, म्हणजे लवकर भरतो आणि पुढचीचा खोळंबा होत नाही. आज तिची धांदल बघून सगळ्यांनी आपला नंबर सोडला. फोन लावून ती मशीनवर येऊन बसली.

बसली कसली, नुसती चुळबुळ! कॉलर उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. मशीनच्या खडखडाटात रिंग ऐकू येणार नव्हती, म्हणून इस्त्रीवाल्या मामांना तिनं लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

"मामा, वाजला का?"

"वाजला की ओरडेन ना! तू सुईकडं बघ, बोट जाईल."

ताईनं मन बदललं असणार. ऐन वेळी फुगून बसायची तिची जुनीच खोड. तिला रागही येत होता आणि काळजीही वाटत होती.

शेवटी राहवेना. उठून तिनं फोन उचलला. पडदा काळा. बोटानं टोचलं, तरी काळाच. मग तिला आठवलं. लावताना हातानं सवयीनं तो बंद केला होता, रोजच्यासारखा.

तो चालू होताच तिनं दाजींना फोन लावला. दाजींनी लगेच उचलला.

"दाजी, ताईला द्या!"

"नेलं गं आत. आत्ताच. सारखी लावत होती तुला. शेवटी म्हणाली, राग गेला नाही तिचा, मुद्दाम बंद ठेवलाय."

"नाही हो! तसं नव्हतं!"

"आता तिला कोण सांगणार?"

"मी सांगते. शुद्धीवर येताना तिला आधी मीच दिसले पाहिजे."

"ये," दाजी म्हणाले.

उलटी कॉलर सुईखाली तशीच टाकून ती धावत सुटली. रस्त्यात लोक वळून बघत होते. ती एकटीच बोलत चालली होती, "मुद्दाम नाही गं ताई, चार्जिंगला लावला होता. तुझ्याचसाठी लावला होता."