उजव्या हातावरचं दही

न्यू लिन उपनगरातल्या आमच्या घरात एक उन्हाळाभर एक अमेरिकन पिचर राहिला. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. बाहेरून आलेल्या खेळाडूंसाठी इथला क्लब घरं शोधत होता, तेव्हा बायकोने मला न विचारता हात वर केला. बत्तीस वर्षांचा माणूस, दहा वर्षांत सात संघ, खांद्याचं एक ऑपरेशन. मोठ्या लीगच्या दारापर्यंत दोनदा पोचला आणि दोन्ही वेळा तिथूनच परत आला. यंदा जमलं नाही तर मेहुण्याच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

पहिल्या मॅचला बायकोने त्याच्या उजव्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि ते जिंकले. मग काय! शकुनाच्या बाबतीत बेसबॉलवाले आपल्याला हार जाणारे नाहीत. दह्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर पडेना.

जपानच्या एका संघाचा माणूस त्याला पाहायला येणार, त्याच दिवशी बायकोला हॉस्पिटलात सकाळची ड्यूटी. "दही फ्रिजमध्ये आहे, साखर विसरू नकोस," असं मला बजावून ती गेली. फ्रिजमध्ये आइस्क्रीमचे दोन डबे होते. आइस्क्रीम अर्थातच एकातही नव्हतं. पहिल्यात पांढरं दिसलं, ते चमचाभर काढलं. निम्मी साखर माझ्या हातून ओट्यावर सांडली. त्याने डोळे मिटून खाल्लं, "येतो, काका," म्हणाला आणि गेला.

दुपारी बायको आली. "अरे, दही आहे तसंच आहे. इडलीचं पीठ कोणी काढलं?"

त्याच्या दहा वर्षांवर मी पाणी फिरवलं होतं. तो येईपर्यंत मी अंगणातलं धुतलेलं लाकडी डेक पुन्हा धुतलं.

तो आला तो हसतच. एकही रन दिला नव्हता, जपानने वर्षभरासाठी बोलावलं होतं. माझा आनंद गगनात मावेना, पण गुन्हा कबूल केला.

"काका, दोन महिने तुमच्याकडे इडल्या खातोय. वासावरूनच कळलं."

"मग खाल्लंस कशाला?"

"तुमचा हात थरथरत होता. माझ्या मॅचसाठी कोणाचा हात थरथरलेला मी कधी पाहिला नव्हता."



जपानला निघाला त्या दिवशी बायको दह्याची वाटी घेऊन आली. त्याने हात माझ्यापुढे केला. मी दोन्ही डबे काढले, झाकणं उघडून नीट वास घेतला आणि त्याच्या तळहातावर चमचाभर पीठ ठेवलं.