टाकीखालचा जोड

माझ्या मोठ्या भावाने आठवीत शाळा सोडली आणि मी एम.कॉम. झालो. या दोन गोष्टी आमच्या घरात कोणी एका वाक्यात बोलत नाही, पण त्या एकमेकींना धरूनच आहेत. भाऊ पहाटे म्हशींचं दूध काढायचा, कॅन सायकलला अडकवून भडगावला घरोघर घालायचा, आणि त्यातून माझी फी, वसतिगृह, परीक्षेचे फॉर्म निघायचे. आज मी जळगावला एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाची कागदपत्रं तपासतो. दाखला, गुणपत्रिका, शिक्का, सही, तारीख. फाइल पूर्ण असली की मी बरोबरची खूण करतो. ही खुर्ची भावाची देणगी आहे, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

मी नोकरीला लागल्यापासून घरी एक रीतच पडली होती. विजेचं बिल असो, सोसायटीची नोटीस असो की दवाखान्याची चिठ्ठी, सगळं देवाच्या फळीवर माझ्यासाठी राखून ठेवायचं. शनिवारी मी येईपर्यंत कोणी कशावर सही करत नसे. शेजारी चिडवायचे, "तुमना घरमा त कलेक्टर शे भो!" भावाला ते चिडवणंही आवडायचं.

गिऱ्हाईक वाढलं तसं सायकलवर भागेना. धुळ्याला एक जुनी मोटारसायकल विकायला आहे, असं कळलं. भावाचा एक मित्र गावातच गाड्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, "मी येस तुना संगे. टाकी काढीसन खालनी फ्रेम देखी लेऊत."

मी म्हटलं, मेकॅनिक कशाला? मी कागद पाहतो ना. खरं सांगायचं तर, परक्याच्या दारात जाऊन त्याच्या गाडीची टाकी उतरवायला लावायची, याची मला लाज वाटत होती. आपण काही संशयी माणसं नाही.

धुळ्याला आम्ही दोघंच गेलो. गाडीचा मालक मोठा गोड बोलणारा होता. त्याने चहा दिला आणि प्लास्टिकची एक फाइल माझ्या हातात ठेवली. तशी नेटकी फाइल मी आमच्या ऑफिसातही क्वचित पाहिली असेल. सर्व्हिसचं पुस्तक, पानोपानी शिक्के. विमा चालू. मोबाइलवर नंबर टाकला. मालकाचं नाव जुळलं, कर्ज नाही, दंड नाही. आणि पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचे दाखले, दर वर्षाचे, ओळीने लावलेले. पीयूसीत फ्रेम तपासत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण गाडी दरवर्षी कोणाच्या तरी समोर उभी राहिली, चालू झाली, तपासली गेली, एवढं तर त्यातून दिसतं, असं मी धरलं. मी तारखा पाहिल्या. एकही खंड नव्हता.

भाऊ तोवर गाडीभोवती फिरत होता. वाकून टाकीखाली बोट फिरवत म्हणाला, "हाई रंग आठे जराखा नवा दिखस रे."

घरी मी त्याच्याशी अहिराणीत बोलतो. त्या दिवशी त्या माणसासमोर मी शुद्ध मराठीत बोललो. "भाऊ, दरवर्षी तपासलेली गाडी आहे. रेकॉर्ड स्वच्छ आहे."

मालक हसला. "अहो भाऊ, साहेबांनी पास केली! आता तुम्ही काय बघता?"

भाऊ सरळ उभा राहिला. तोही हसला. "पास त पास."

दोन महिने गाडी चालली. मग एका सकाळी, दोन्ही बाजूंना भरलेले कॅन असताना, गिरणेच्या पुलाअलीकडच्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि हँडल पुढच्या चाकासकट मोडून निघालं. भाऊ डांबरावर गुडघ्यावर पडला, वर गाडी, आणि त्याच्यावर दूध.

मेकॅनिकने टाकी उतरवली तेव्हा मला बोलावून घेतलं. हँडलखाली जिथे फ्रेम सुरू होते, तिथे बोटाएवढा जाड वेल्डिंगचा जोड होता. वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग दिलेला. जोड मधोमध फाटला होता. "हाई गाडी पहिलेच एक डाव मोडेल शे," तो म्हणाला. मग हातातला पाना पुसायला लागला. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री नव्हे, चांगले आठ दिवस गेल्यावर मी ती फाइल पुन्हा उघडली. पीयूसीच्या दाखल्यावर गाडीचा छोटा फोटो असतो. तीन वर्षांच्या तीन दाखल्यांवर, गाडीशेजारी उभ्या माणसाचा अर्धा पाय दिसत होता. तोच पाय, तीच फाटक्या पट्ट्याची चप्पल, मागे तीच गाडीची सावली. तारखा वेगळ्या, फोटो एकच. निदान दोन वर्षं ती गाडी तपासणीला गेलीच नव्हती. मी तारखा वाचल्या होत्या. फोटो पाहिला नव्हता.

मालकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कागद सरकारी आहेत. आणि गाडी तुमच्यासमोर उभी होती की."

माझा आवाज चढला, पण फार नाही. कारण माझ्या स्वतःच्या स्कूटरची पीयूसी मी गेल्या वर्षी ऑफिसच्या खुर्चीत बसून, फोटो पाठवून काढली होती. सगळेच काढतात.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांना भाऊ सांगत राहिला, "कागद बराबर व्हतात. मना भाऊनं काय चुकनं?" त्याचा गुडघा आता पुरता वाकत नाही. म्हशीखाली त्याला बसता येत नाही. दूध वहिनी काढते, आणि भडगावची घरं दुसऱ्या दूधवाल्याने धरली.

उन्हाळ्यात भावाने फ्रेमला पुन्हा वेल्डिंग मारून घेतलं, रंग दिला, आणि गाडी विकायला काढली. पहूरकडून एक भाजीवाला आला. कामापुरतं बोलणारा, गरीब माणूस. मी शनिवारचा घरीच होतो. त्याने तीच फाइल माझ्यापुढे धरली. "साहेब, मी काई शिकेल नाही. तुम्हीच पाहून सांगा."

भाऊ काठीला टेकून माझ्याकडे पाहत होता.

मी सांगितलं. फ्रेमला जोड आहे, ओझ्याला ही गाडी घेऊ नका, म्हटलं. तो माणूस पाणी पिऊन निघून गेला.

भावाने फाइल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मनी गाडीनी येळे तुले हाई सुचनं नही."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. ताट वाढलं तेव्हा नेहमीसारखं पहिलं मलाच वाढायला त्याने वहिनीला सांगितलं.

परवा मी घरी होतो तेव्हा तलाठ्याकडून कसलीशी नोटीस आली. मी ओट्यावरच बसलो होतो. भावाने ती हातात घेतली, उलटी-सुलटी केली, आणि माझ्या अंगावरून, पाय ओढत, चार घरं सोडून असलेल्या किराणा दुकानदाराकडे ती वाचून घ्यायला गेला.