आवाज बंद ठेवून पाहिलेला झॉम्बी पिक्चर

गेल्या रविवारी दुपारी आम्ही घरी झॉम्बीचा पिक्चर पाहिला... तोही कार्टूनमधला. भिलाईच्या सेक्टर 10 मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये मी, माझी मुलगी ऋचा आणि माझ्या सासूबाई, अशा तिघी होतो. मी इथे फारसं लिहीत नाही, पण हे लिहावंसं वाटलं.

माझे मिस्टर पाच महिन्यांपूर्वी गेले. स्टील प्लांटमधल्या ड्यूटीवरून आले, चहा घेतला आणि तासाभरात सगळं संपलं. बऱ्याच जणांना माहीत आहे, ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते.

तेव्हापासून सासूबाईंनी आपल्या मुलाचं नाव घेतलं नव्हतं. एकदाही नाही. रडल्याही नाहीत. कोणी विषय काढला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जेवण हळूहळू अर्ध्या पोळीवर आलं होतं.

डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करा. पण मी स्वतःच कमी बोलणारी... त्यांना त्रास नको म्हणून मीही यांचं नाव घेणं सोडलं, मग ऋचानेही सोडलं. या अशाच एक दिवस जेवण पूर्ण सोडतील, ही भीती मला रोज वाटायची. कोणाला सांगितली नव्हती.

तर पिक्चर. यांना झॉम्बीचं फार वेड होतं. एक जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर तर तोंडपाठ होता, त्याची सीडी इथल्या पावर हाउस भागातल्या बाजारातून आणली होती. त्यातले मेलेले लोक हळूहळू पाय ओढत चालायचे. हे म्हणायचे, "नाइट शिफ्ट सुटली की प्लांटच्या गेटमधून आम्ही असेच निघतो."

त्याच गोष्टीचा आता कार्टून रिमेक आलाय, असं ऋचाला मोबाइलवर दिसलं. "मम्मी, पप्पा असते तर आजच लावला असता. देखते हैं ना... प्लीज." मेलेली माणसं उठून दाराशी येतात अशी ती गोष्ट, आणि आमच्या घरात, इतक्यात? माझं मन होत नव्हतं. पण पोरगी पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागत होती...

पिक्चर सुरू झाला. चित्रं छान होती, रंग जरा भडक. मेलेल्यांचे चेहरे शेवाळासारखे हिरवे. घरात अडकलेली चार-पाच माणसं दारं-खिडक्यांना फळ्या ठोकत होती. सासूबाई नेहमीसारख्या दिवाणावर पडून होत्या. मला वाटलं झोपल्या.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "काय वं ऋचा, हे लोक बोलत कावून नाही?"

"आजी, मेलेले आहेत ना ते. कसे बोलतील?"

"ते बाहेरचे झाले. मी घरातल्यांचं विचारून राहिली. ते तं जित्ते आहेत ना, बाप्पा?"

आम्ही दोघींनी टीव्हीकडे पाहिलं. आवाज बंद होता.

शिफ्टवाल्यांच्या घरी हे असंच असतं. हे नाइट करून सकाळी यायचे आणि दुपारपर्यंत झोपायचे. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यामुळे दिवसा टीव्हीला आवाज नसायचा. ऋचाने लहानपणीची कितीतरी कार्टून मुकीच पाहिली आहेत. रिमोट हातात आला की आमचं बोट आधी म्यूटवर जातं... त्या दिवशीही तसंच गेलं. आतल्या खोलीत कोणी झोपलेलं नसताना आम्ही वीस मिनिटं खालच्या ओळी वाचत बसलो होतो, आणि दोघींनाही कळलं नाही.

ऋचाचा चेहरा उतरला. रिमोट हातात होता, पण बटण दाबवत नव्हतं तिला. मलाही "वाढव" म्हणवेना.

सासूबाईच म्हणाल्या, "वाढव आवाज. विलास नाही उठत आता."

पाच महिन्यांनी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं...

ऋचाने आवाज वाढवला. सासूबाई उठून बसल्या, चष्मा मागितला. मग चालूच झाल्या, एवढ्या लहान खिळ्यानं फळी टिकते का, ही बाई नुसती ओरडून राहिली, कामाची नाही. मीही धीर करून यांचं ते गेटवालं बोलणं त्यांना सांगितलं. "बरोबर बोलला," त्या म्हणाल्या. "असाच यायचा, चप्पल घासत."

मग पिक्चरमध्ये दारावर थापा पडू लागल्या. आतले लोक दार धरून उभे. सासूबाई एकदम पुढे झाल्या. "उघडून तं पाहा म्हणा त्याइले. आपलाच कोनी असन तं?"

"आजी, वो खा जाएगा!"

"खाऊ दे. माह्या दारात विलास असा आला असता नं, तं मी पहिले विचारलं असतं, जेवला का म्हनून."

ऋचा हसली आणि हसता हसता रडायला लागली. सासूबाईंनी तिला जवळ ओढलं आणि मग त्याही रडल्या... मोठ्याने, लहान मुलासारख्या. मी त्यांचा हात धरून बसले. पिक्चर आपला चालत राहिला. शेवटी कोण वाचलं ते आम्हाला अजून माहीत नाही.

त्या दिवशी चार वाजता त्यांनी स्वतःहून पोहे मागितले आणि यांच्या शाळेतल्या खोड्या सांगत प्लेटभर खाल्ले. रोजच असं होतं असं नाही, काल परत गप्पच होत्या. पण आता आमच्या घरात विलास हे नाव घेतलं जातं.

ज्यांनी कोणी तो पिक्चर बनवला, त्यांना भिलाईतल्या आम्हा तिघींबद्दल कधीच कळणार नाही. तरी त्यांचे मनापासून आभार. आणि तुमच्या घरी असं गप्प बसलेलं कोणी असेल, तर गेलेल्या माणसाचं नाव तुम्हीच आधी घ्या... आमचे पाच महिने उगाच गेले.