दिवसाचा चंद्र आणि एक कवठ

जिंतूरहून एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि तिथून शाळेपर्यंत दीडेक किलोमीटर चालायचं, हा माझा नऊ वर्षांचा नेम. मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. त्या वाटेवर एक मावशी मेंढ्या घेऊन निघालेल्या असायच्या. साठीच्या असतील. वाट एकच, त्यामुळे आम्ही बोलत चालायचो. बहुतेक वेळा पाण्याबद्दल, नाहीतर त्यांच्या ऊसतोडीला गेलेल्या लेकीबद्दल.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्या थांबल्या. सूर्य चांगला वर आला होता आणि पश्चिमेला फिकट पांढरा अर्धा चंद्र होता. दिवसा चंद्र कसा काय दिसायलाय, असं त्यांनी विचारलं. चंद्र रात्रीइतकाच वेळ दिवसाही आकाशात असतो आणि तो बराच उजळ असतो, म्हणून उन्हातही दिसतो, एवढं मी नीट सांगितलं. मग त्या म्हणाल्या, अर्धा का? पृथ्वीची सावली पडते म्हणून, मी म्हणाले. वर्गात दरवर्षी तेच सांगत आले होते.

मावशींनी एकदा सूर्याकडं हात केला, एकदा चंद्राकडं.

"दोघंबी वरच हायत, मॅडम. मधी तर कोणीच न्हाई. मग आपली सावली तिथं पडल कशी?"

शाळेला उशीर होतोय असं सांगून मी पुढं निघाले, आणि दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली.

घरी आल्यावर पुस्तकं काढली. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात, तेही एखाद्याच पौर्णिमेला. एरवी चंद्राच्या अर्ध्या अंगावर ऊन असतंच. त्या उजळ भागातला किती आपल्याकडं वळलेला आहे, तेवढा चंद्र आपल्याला दिसतो. हे मी पूर्वी वाचलेलंही असणार. पण स्वतःच्या डोळ्यांनी कधी ताडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, काल मी चुकीचं बोलले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, खरं काय ते सांगा म्हणाल्या. मी सांगायला लागले, पण माझे शब्द मलाच पटेनात. त्यांच्या ओच्यात एक कवठ होतं. ते मी चंद्राच्या दिशेनं, हात लांब करून उन्हात धरायला सांगितलं. त्यांनी धरलं. कवठाची जेवढी बाजू उजळली होती, तेवढीच शेजारच्या चंद्राचीही उजळली होती. मीही ते पहिल्यांदाच पाहत होते.

मग हात तसाच ठेवून मावशी हळूहळू सूर्याकडं वळत गेल्या. कवठावरची उजेडाची फोड बारीक होत गेली.

"म्हणून उगवतीकडं सरकला की बारीक व्हतो त्यो," त्या म्हणाल्या. "हे मी लय दिवसापासून बघायलेय. कामून ते कळत नव्हतं."

त्या दिवशी सातवीच्या वर्गात मी मुलांना सांगितलं की मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं, आणि ते मेंढ्या राखणाऱ्या एका मावशींनी दाखवून दिलं. मुलं हसतील असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही. मधल्या सुट्टीच्या आधी आम्ही सगळे चेंडू, लिंबं, मिळेल ते गोल घेऊन मैदानात उभे होतो.

त्याच आठवड्यात मावशी मेंढ्या घेऊन दुसऱ्या बाजूला चरायला गेल्या. त्या एकदम यंदाच्या दिवाळीनंतर जिंतूरच्या बाजारात भेटल्या, तेव्हा मी वर्गातली हकीकत सांगितली आणि तुमच्यामुळे मी शिकले म्हणाले. त्या संकोचल्या, पदर सारखा केला. मग त्यांनी विचारलं, चांदण्या लुकलुकतात तसा चंद्र का लुकलुकत नाही?

मला नक्की माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, आणि तसं सांगताना जीवाला किती हलकं वाटलं. पुढच्या आठवड्याच्या बाजारात बघून सांगते म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पिशवीत दोन मुठी बोरं टाकली.