मी कसली अबला!

परदेशात, माउंट रॉस्किल नावाच्या उपनगरातल्या एका किचनमध्ये आम्ही तिघी सँडविच भरायचो. मी पुण्याची, पन्नाशीची; बाकी दोघी तुर्की. एक इझ्मिर शहरातली, बॉयकट, उन्हाळाभर शॉर्ट्समध्ये. दुसरी कोन्याची, डोक्याला घट्ट स्कार्फ. दोघींचं आपसात कधी पटलं नाही, पण पहिल्याच दिवशी दोघीही मला म्हणाल्या, "अबला, ब्रेड दे."

माझी तळपायाची आग मस्तकात! "अबला कोणाला म्हणता? दोन पोरं एकटीने वाढवलीत मी!" मग कळलं, त्यांच्यात अबला म्हणजे ताई. हसून हसून पुरेवाट झाली.

२०१९च्या मार्चमध्ये त्याच देशातल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींत गोळीबार झाला आणि किचनमधलं हसणं बंद पडलं. कोन्याची बसने यायची. सोमवारी मीच शहाणपणा केला. "चार दिवस काढून ठेव ना गं तो स्कार्फ. शिर सलामत तर पगडी पचास."

"आमच्याकडे तेव्हा स्कार्फला बंदी होती; कॉलेजच्या गेटवर रोज काढायला लावायचे," ती म्हणाली. "इथे कोणी सांगत नाही म्हणून इथे राहिले. आता तू सांगतेस, अबला?"

इझ्मिरचीला माहेरी तो बळेच घालायला लावायचे; भांडून काढला होता तिने. तीही माझ्यावरच उखडली. "घालायचा की काढायचा, तिचं ती बघेल!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोन्याचीला म्हटलं, "बरं बाई, घरी जाताना मी येते तुझ्याबरोबर."

म्हटलं खरं, पण बसमध्ये पाय ठेवल्यापासून मी दाराकडेच बघत होते. कोणी वळून पाहिलं की मी पर्स छातीशी धरायचे. तिसऱ्या स्टॉपवर एक धिप्पाड माणूस चढला, हातात लांबलचक बॅग. नेमका आमच्या मागे बसला. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

खोटं कशाला बोलू? तिचं काय होईल हे माझ्या मनातही आलं नाही. ही शेजारी नसती तर बरं झालं असतं, एवढंच आलं. मी बेल दाबली आणि उठले. आमचा स्टॉप अजून बराच लांब होता.

तिने माझं मनगट धरलं. तिचाही हात गारठलेला. मागे तो माणूस फिशिंग रॉडच्या दोरीचा गुंता सोडवत बसला होता.

"घाबरू नकोस, अबला," ती म्हणाली.

ती ताईच म्हणाली होती. मला मात्र ते मराठीत ऐकू आलं, आणि या वेळी भांडायला तोंड नव्हतं.